न उडालेला बार



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक स्नेह्याने एकच प्रश्न विचारला: "बंदुकीच्या काडतुसांशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आम्ही शिकारी नव्हे आणि सैनिकही नव्हे. परंतु ज्या प्रसंगाने आमची विचार करण्याची रीत थोडीफार सुधारली, तो एका न उडालेल्या काडतुसाचा प्रसंग होता. तेव्हा त्याच वाटेने श्रोत्यांना घेऊन जावे असे मनात आले.

तशी ही वाट आपणांस अगदीच अनोळखी नाही. दिवाळीच्या पहाटे अंगणात लवंगी लावावी, वात सुरसुरत आत जावी आणि पुढे काहीच होऊ नये, हा अनुभव कोणास नाही? त्या क्षणी घरातील वडील माणूस ओरडते, "थांब, जवळ जाऊ नकोस!" आणि पोर तर नेमके त्याच क्षणी खाली वाकून वातीवर फुंकर घालीत असते. उडालेल्या फटाक्याला कोणी भीत नाही, कारण त्याचे काम संपलेले असते. भ्यावयाचे ते न उडालेल्याला. तो फुसका आहे की नुसता रेंगाळला आहे, हे बाहेरून कळत नाही.

काडतुसाचेही असेच आहे. त्याचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी बसविलेली गोळी, पोटातील दारू आणि बुडाशी बसविलेली एक चिमुकली वाटी. या वाटीला इंग्रजीत प्राइमर म्हणतात. आपले जुने शिकारी टोपी म्हणत. आपणही टोपीच म्हणू. चाप ओढला की बोल्टातील पोलादी पिन टोपीवर आदळते. टोपीत एक मसाला असतो आणि त्यामागे एक लहानशी ऐरण असते. पिन आणि ऐरण यांच्या चिमटीत मसाला चिरडला की ठिणगी निघते, बारीक भोकातून आत शिरते, दारू पेटते आणि गोळी सुटते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. साखळीची एक कडी जरी निसटली तरी 'खट्' असा कोरडा आवाज येतो आणि बार उडत नाही.

ही साखळी माणसाने मोठ्या कष्टाने घडविली आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडीत आणि ती उघड्या रंजकावर पडे. वारा असला, पाऊस असला किंवा गारगोटी बोथट झाली, तर नुसता रंजक भडके आणि नळीतील दारू तशीच राही. स्कॉटलंडात बेलहेल्वी येथे अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि रंजकाचा भडका पाहून पक्षी आधीच उडून जातात, ही त्यांची तक्रार होती. आघाताने पेटणारा मसाला वापरून त्यांनी बंदुकीची नवी कळ बनविली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तिच्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. १८३४ साली इंग्लंडात वुलिच येथे दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांची परीक्षा झाली. प्रत्येक तऱ्हेचे ६,००० बार काढले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फसल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा. म्हणजे तेरांत दोन, याच्या जागी एकशे सहासष्टांत एक. हा शेवटचा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्या कामी येणार आहे.

आता प्रश्न असा की काडतुसे घरी भरावयाची कशाला? अमेरिकेत हा हजारो लोकांचा छंद आहे. पुंगळी हा काडतुसाचा महाग भाग. ती एकदा उडवून फुकट जात नाही. साफ करून, आकारात आणून, नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून ती पुन्हा वापरता येते. याला एक गमतीचे ऐतिहासिक कारणही साहाय्यभूत झाले. १८६६ च्या सुमारास दोन प्रकारच्या टोप्या पुढे आल्या. एक अमेरिकेच्या बर्डनची, दुसरी इंग्लंडच्या बॉक्सरची. अमेरिकन माणसाची टोपी युरोपने उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेने. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे वापरलेली टोपी आतून एका सळईने सहज ढकलून काढता येते. अमेरिकेतील घरगुती छंदाची सोय अशी एका इंग्रजाने करून ठेवली.

आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, हे तरुण श्रोत्यांनी विसरू नये. आम्ही जे सांगणार आहोत ते करून पाहण्यासाठी नव्हे, तर विचार करण्यासाठी आहे.

नोकरीनिमित्त काही वर्षे आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. सारे आयुष्य त्यांनी लेथवर काढलेले. घराच्या तळघरात त्यांनी काडतुसे भरण्याची सामग्री मांडली होती आणि दर शनिवारी ते गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जात. शेजारधर्म म्हणून त्यांनी आम्हांलाही नेले, नेम शिकविला आणि थंडी सुरू होताना एकदा म्हणाले, "या वेळची पन्नास काडतुसे तुम्ही भरा. मी फक्त पाहतो."

आम्ही भरली. आमच्या मते उत्तम भरली. शनिवारी मैदानावर गेलो, सात-आठ बार ठीक उडाले आणि मग 'खट्'. आम्ही रायफल खाली घेतली आणि बोल्टाच्या मुठीकडे हात नेला. तेवढ्यात म्हाताऱ्यांचा हात आमच्या हातावर आला. एरवी मृदू बोलणारे ते गृहस्थ कठोरपणे म्हणाले, "नळी समोर. हात दूर. मोजा." आम्ही मोजू लागलो. तीस झाले. ते म्हणाले, "आणखी तीस." मिनिट सरल्यावर त्यांनी स्वतः बोल्ट उघडला.

त्याचे कारण असे. टोपीने कधी कधी ठिणगी दिलेली असते, पण ती क्षीण असते आणि दारू लगेच पेटत नाही. बार रेंगाळतो. बहुधा तो सेकंदाच्या अंशानेच रेंगाळतो. पण 'बहुधा' या शब्दावर स्वतःचा डोळा गहाण ठेवू नये. बोल्ट बंद असेतो पुंगळीला चहूबाजूंनी पोलादाचा आधार असतो. तो उघडला आणि मग दारू पेटली, तर पितळेचे तुकडे थेट तोंडावर. म्हणून निदान तीस सेकंद थांबावे, हा नियम. पूर्ण मिनिट थांबणाऱ्याला कोणी हसत नाही.

त्या दिवशी पन्नासांपैकी सात काडतुसे फसली. आमचा निकाल तयार होता: टोप्यांचा डबा वाईट निघाला. आम्ही कारखान्याच्या नावाने दोन शब्दही बोललो. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्हांला ठाऊक आहे, की वाटते आहे?"

यानंतर त्यांनी जे केले त्यासाठीच हे व्याख्यान आहे. त्यांनी गुन्हेगारांची यादी केली: रायफल, टोप्या आणि भरणारा. मग एकेकाची चौकशी सुरू केली. आमच्याच रायफलमध्ये त्यांनी कारखान्याची दहा काडतुसे घातली, दहाही उडाली. तेव्हा पिनेची स्प्रिंग थकली असेल, थंडीने बोल्टातील वंगण घट्ट झाले असेल, हा संशय बराच कमी झाला. मग आमची काही काडतुसे त्यांनी आपल्या रायफलीत घातली. तेथेही एक फसले. म्हणजे दोष काडतुसांबरोबर प्रवास करीत होता. शेवटी त्याच डब्यातील टोप्या घालून त्यांनी स्वतः भरलेली वीस काडतुसे काढली. वीसही उडाली. डब्यावरचा संशय जवळजवळ फिटला. यादीत एकच नाव उरले. म्हातारे आमच्याकडे पाहून काही बोलले नाहीत. आम्ही मात्र खाली पाहिले.

मग त्यांनी फसलेली काडतुसे भिंगाखाली धरली. टोपीवर पिनेचा खळगा किती खोल आहे, हा पहिला पुरावा. खळगा चांगला खोल असून बार उडाला नसेल, तर टोपीतील मसाल्याकडे बोट जाते. खळगा उथळ असेल, तर घाव पुरेसा बसलाच नाही, मग तो बंदुकीमुळे असो वा काडतूस जागच्या जागी स्थिर नसल्यामुळे असो. आमच्या सातांपैकी पाचांवरचे खळगे उथळ होते. ही पाच त्यांनी पुन्हा रायफलीत घालून चाप ओढला, आणि पाचही उडाली!

पहिल्या घावाला न उडणारे काडतूस दुसऱ्या घावाला का उडते? श्रोतेहो, याचे उत्तर फार सोपे आहे. टोपी पुंगळीच्या बुडातील आपल्या घरात तळापर्यंत बसलेली नव्हती. पिनेचा पहिला घाव मसाला चिरडण्यात न जाता टोपीला तळापर्यंत ढकलण्यात खर्च झाला. तेव्हा कोठे ऐरणीचे पाय टेकले आणि दुसरा घाव कारणी लागला. लोहाराला विचारा, डुगडुगत्या ऐरणीवर घाव बसत नाही. आम्ही टोप्या बसविताना घाई केली होती. काही पुंगळ्यांच्या घरात मागच्या बाराची काजळी घट्ट बसलेली होती, ती आम्ही खरवडली नव्हती. नीट बसलेली टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर खोल असते आणि बोट फिरविले की ते कळते. आम्ही बोट फिरविले नव्हते.

उरली दोन. त्यांवरचे खळगे खोल होते, तरी ती दुसऱ्या घावालाही उडाली नाहीत. म्हाताऱ्यांनी विचारले, "पुंगळ्यांना तेल लावून साच्यात घातल्यावर टोप्या हाताळण्यापूर्वी हात धुतलेत?" आम्ही धुतले नव्हते, नुसते पँटला पुसले होते. तेल मसाल्यात शिरले तर तो मरतो. आम्ही लगेच म्हणालो, "म्हणजे तेलच!" ते म्हणाले, "असेल. अजून सिद्ध झालेले नाही."

पुढच्या शनिवारसाठी आम्ही पन्नास भरली. दोन्ही दोष एकदम दूर करावे असे मनात होते, पण त्यांनी करू दिले नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदला. नाही तर कशाने गुण आला, हे तुम्हांला कधीच कळणार नाही." त्या खेपेस आम्ही टोप्यांची घरे खरवडून टोप्या तळापर्यंत बसविल्या, हात मात्र पूर्वीसारखेच. एक फसले. त्याच्या पुढच्या खेपेस साबणाने हात धुतले. पन्नासच्या पन्नास उडाली. आम्ही आनंदाने हात वर केले. म्हातारे हसून म्हणाले, "छान! पण पन्नासांनी काय सिद्ध होते?"

येथे वुलिचचा आकडा आठवावा. एकशे सहासष्टांत एक फसणाऱ्या टोप्या घेऊन कोणी पन्नास बार काढले, तर बहुतेक वेळा त्याला एकही दोष दिसणार नाही, आणि तो आपल्या टोप्या निर्दोष आहेत असे छातीठोक सांगेल. तेलाचा दोष आम्ही सिद्ध केला नव्हता. तो फक्त संभवनीय ठरला होता. स्वच्छ हातांची सवय मात्र आम्ही तेव्हापासून सोडली नाही, कारण खबरदारी घ्यावयास सिद्धतेची वाट पाहावी लागत नाही.

या निमित्ताने त्यांनी आम्हांला इतरही कारणे दाखविली. पुंगळी साच्यात घालून आकारात आणताना तिचा खांदा प्रमाणाबाहेर मागे दाबला गेला, तर काडतूस नळीच्या घरात सैल बसते. पिन आदळली की ते पुढे सरकते आणि घावाचा जोर वाया जातो. इंचाच्या काही सहस्रांशांचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, मापकानेच कळतो. पुंगळ्या घासण्यासाठी अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा वापरतात. त्यातील एखादा कण भोकात अडकला की ठिणगीची वाट अडते. आपल्या इतिहासात तोफेच्या कानात मेख मारून ती निकामी करीत. येथे एक भुश्याचा कण तेच काम करतो.

कोणी म्हणेल, ही छंदी माणसाची चूक झाली. मोठ्या कारखान्यांत असे होत नसेल. तेव्हा त्याच पेनसिल्व्हेनियातील एक गोष्ट सांगतो. फिलाडेल्फिया येथे फ्रँकफर्ड आर्सेनल नावाचा सरकारी दारूगोळा कारखाना होता. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, उत्पादन एकाएकी वाढवावे लागले आणि तेथील काडतुसे फसू लागली, रेंगाळू लागली. विमानाच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणाऱ्या मशिनगनमध्ये बार रेंगाळणे म्हणजे स्वतःच्याच पंख्यावर गोळी! तपास झाला तेव्हा दोष टोपीच्या मसाल्यात सापडला. त्यात गंधक होते, आणि घाईच्या कामात मसाला नीट न सुकल्याने गंधकापासून आम्ल तयार होऊन मसाला नासत होता. वर्षानुवर्षे चाललेला मसाला घाईच्या पहिल्या तडाख्यात उघडा पडला. अखेर तो मसाला टाकून विंचेस्टर कंपनीच्या बिनगंधकी मसाल्याचा स्वीकार करण्यात आला. तेथील अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी पुढे १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही हकीकत लपवून न ठेवता लिहून ठेविली आहे. आपल्या खात्याची चूक छापून ठेवणारा माणूस आम्हांला नेमबाजापेक्षा मोठा वाटतो.

आता शेवटची गोष्ट. ती सांगताना आजही आमचा हात थोडा थरथरतो. वसंतात आम्ही बरेच तयार झालो होतो, किंबहुना तसे आम्हांला वाटत होते. त्या दिवशी म्हातारे जवळच्या बाकावर बसले होते. आम्ही चाप ओढला. 'खट्' नव्हे आणि धडाकाही नव्हे, तर 'टप्' असा दबका आवाज आला. खांद्याला धक्का बसला नाही. ठरल्याप्रमाणे आम्ही मिनिटभर थांबलो, बोल्ट उघडला, रिकामी पुंगळी बाहेर आली. टोपी उडालेली होती, गोळी गेलेली होती. सारे यथास्थित, असे समजून आम्ही पुढचे काडतूस आत सारले आणि बोल्ट लावू लागलो.

"थांबा!" म्हातारे इतक्या मोठ्याने ओरडले की मैदानावरच्या सर्वांनी माना वळविल्या.

त्यांनी काडतूस बाहेर काढले, बोल्ट पूर्ण काढून ठेवला आणि मागच्या बाजूने नळीतून पाहावयास सांगितले. आम्ही पाहिले. पलीकडचा उजेड दिसला नाही. त्या पुंगळीत आम्ही दारूच घातली नव्हती. टोपीच्या एकट्या जोराने गोळी नळीत थोडी पुढे सरकून अडकली होती. पुढचा बार काढला असता तर दुसरी गोळी तिच्यावर आदळून नळी फाटली असती, आणि आमचा गाल त्या नळीशेजारीच होता.

भरताना फळीवर पन्नास पुंगळ्या उभ्या करून, दारू घातल्यावर आणि गोळ्या बसविण्यापूर्वी, दिवा धरून प्रत्येकीत डोकावून पाहावयाचे असा त्यांचा नियम होता. त्या रात्री आम्हांला झोप येत होती. आम्ही डोकावलो नव्हतो.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आम्हीच म्हणालो, "आज तुम्ही नसता तर..." त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "मी नेहमी असणार नाही. म्हणून आवाज ओळखायला शिका."

ते आता नाहीत. आम्हीही स्वदेशी परतल्यावर रायफलीला हात लावलेला नाही. पण आवाज ओळखण्याचा अभ्यास अजून चालू आहे. घरात, कचेरीत, संस्थेत एखादे काम ठरल्याप्रमाणे घडले नाही, की प्रथम कारखान्याला, म्हणजे कोणातरी दुसऱ्याला, दोष द्यावा असे आजही आमच्या मनात येते. तेव्हा त्या गृहस्थांचा प्रश्न ऐकू येतो: "हे तुम्हांला ठाऊक आहे, की वाटते आहे?" आणि आम्ही यादी करतो. यादीत स्वतःचे नाव लिहिण्यास विसरत नाही.

सभाजनहो, आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्त्यांतून मोठी झालेली माणसे या सभेतही असतील. हातातील वस्तू उडाली नाही तर तिची चौकशी कशी करावी, हे त्यांना आमच्याकडून शिकण्याची गरज नाही. इतरांना आमचे एवढेच सांगणे आहे. येत्या दिवाळीत अंगणातला फटाका फुसका गेला आणि पोर त्याच्याकडे धावले, तर त्याला नुसते ओरडू नका. त्याचा हात धरा आणि त्याच्याबरोबर मोठ्याने मोजा. तीसपर्यंत मोजून झाले की आणखी तीस. मग त्या फटाक्यावर स्वतः बादलीभर पाणी ओता आणि पोराला विचारा, "हा का बरे उडाला नसेल?" ते पोर जे उत्तर देईल ते बहुधा चुकीचे असेल. तेव्हा त्याला पुढचा प्रश्न विचारा.